तळपाय बघायची सवय

(साताऱ्यातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला बोलावलं तेव्हा संयोजकांनी विचारलं, "तू सॉफ्टवेअरवाला, तू आरोग्यावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. माझी पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची. नोकरी पुण्यात, घर कराड तालुक्यात आणि बहीण दिली सांगलीला. पण गेली साडेचार वर्षं आमच्या घरात एक काम नेमाने चालू आहे आणि त्यातलं निम्मं काम डॉक्टरांचं नाहीच, घरच्यांचं आहे. त्या घरच्यांच्या निम्म्याबद्दल मी बोलणार आहे.

माझ्या अम्मीच्या डाव्या टाचेवर काळा डाग होता. किती वर्षं होता, कुणालाच सांगता येत नाही. २०२१ च्या जानेवारीत तो काढला. तपासणीत मेलेनोमा निघाला, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. जाडी ०.६ मिलिमीटर. साधारण दोन-तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल एवढी. वर व्रण फुटलेला नव्हता. भोवतीची एक सेंटिमीटर कातडी काढली, मांडीची कातडी लावून टाच झाकली आणि डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. आता फक्त लक्ष ठेवायचं."

हे "फक्त लक्ष ठेवायचं" म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिलेलं होतं. सहा महिन्यांनी दाखवणे. बस.

आधी हा आजार समजून घेऊ, कारण आपल्याकडे तो माहीतच नाही. ऑस्ट्रेलियात दर वर्षी लाख माणसांमागे तीसहून अधिक जणांना मेलेनोमा होतो. आपल्याकडे लाखात एकालाही होत नाही. तिकडे गोरी कातडी, कडक ऊन. त्यामुळे तिकडचे सगळे सल्ले उन्हाभोवती फिरतात. टोपी घाला, क्रीम लावा. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला तो होतो तेव्हा बहुतेकदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो. तळपाय, तळहात, नखाखाली. त्याच्याशी उन्हाचा फारसा संबंध नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच प्रकार निघाला, १९७७ साली. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं आधी वाटलं होतं. १९८१ मध्ये तो गेला, वय ३६.

लागलं असेल असं वाटणं, हीच आपल्याही भागातली गोष्ट. सातारा-सांगलीत उसाच्या सरीत, द्राक्षाच्या बागेत अनवाणी राबणाऱ्या बाईच्या तळपायावर काळा डाग असला तर तिला काय वाटणार? काटा मोडला असेल. कुरूप असेल. नख काळं पडलं तर दगड लागून रक्त साकळलं असेल. आणि शंभरात नव्व्याण्णव वेळा ते खरंच असतं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आज रात्री इथल्या अर्ध्या लोकांना झोप लागणार नाही. मग आपण त्यावर हळद भरतो. सांगलीच्या हळदीचा अभिमान मलाही आहे, पण ती तिथे काही करत नाही. कुणी बिब्बा घालतो, कुणी चुना आणि सोडा लावून तीळ जाळतो, कुणी बाजारात बसलेल्या माणसाकडून कुरूप कोरून घेतो. जाळलेला डाग दिसेनासा होतो आणि खालचं तसंच राहतं. शिवाय तपासायला तुकडाही उरत नाही. अम्मीला असा कोरणारा भेटला होता. त्या दिवशी त्याच्यासमोर गर्दी होती म्हणून ती परत आली. एवढ्याशा गोष्टीवर कधी कधी माणसाचं नशीब ठरतं.

आणखी एक समज. "सुरी लावली की पसरतो." नाही. तपासणीसाठी तुकडा घेतल्याने मेलेनोमा पसरत नाही. उशीर झाल्याने पसरतो.

आता लक्ष ठेवणं म्हणजे काय. डाग काढल्यावर तीन गोष्टींची भीती असते. एक, त्याच जागी किंवा व्रणाच्या आसपास परत येणं. दोन, तिथून निघून वाटेत किंवा लसीका गाठींमध्ये जाऊन बसणं. टाचेची वाट गुडघ्यामागून वर जांघेत जाते, म्हणून जांघ आणि गुडघ्यामागचा खळगा महत्त्वाचा. तीन, अंगावर दुसरीकडे नवा मेलेनोमा उगवणं. पातळ, वेळेवर काढलेल्या मेलेनोमात ही भीती लहान असते. पहिल्या टप्प्यातल्या सगळ्यात पातळ प्रकारात दहा वर्षांनी शंभरातले सुमारे ९८ जण या आजाराच्या तावडीतून सुटलेले असतात. हा आकडा बहुतांशी गोऱ्या देशांतल्या रुग्णांचा आहे आणि तळपायावरचा प्रकार जरा जास्त हट्टी असतो, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. गोड बोलून घरी पाठवलं असतं तर आम्ही ढिले पडलो असतो.

किती वेळा दाखवायचं याबद्दल जगभर एकमत नाही. अमेरिकेतले कॅन्सर तज्ज्ञ सांगतात, पहिली पाच वर्षं दर सहा ते बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं २०२२ पासून म्हणतात की सगळ्यात सुरुवातीच्या टप्प्यात पहिल्या वर्षी दोनदा बघा आणि मग रुग्णाला मोकळं करा. एकाच आजाराला दोन देशांत इतका फरक कसा? कारण परत आलेला आजार निम्म्याहून अधिक वेळा रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांनाच आधी सापडतो. डॉक्टर वर्षातून दोनदा वीस मिनिटं बघतात, बाकीचे ३६३ दिवस ते शरीर तुमच्याच घरात असतं. ब्रिटन मोकळं करतं ते शिकवून करतं, आणि शंका आली तर रुग्णाला लवकर परत येता येतं. आपल्याकडे कराडहून मिरजेला जायचं तर एका बाईचा दिवस जातो, सोबतच्याची मजुरी बुडते आणि ओपीडीच्या रांगेत दुपार होते. महात्मा फुले योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. नुसतं "बघून घ्या" म्हणून जाणाऱ्याचा एसटीचा खर्च कुणी देत नाही. मिरज हे १८९० च्या दशकात वॉनलेस यांनी दवाखाना काढल्यापासून दवाखान्यांचं गाव आहे, आपल्या भागाचं ते भाग्यच. पण तिथपर्यंत पोचायचा निर्णय घरातच होतो.

पहिल्या वर्षी नात्यातल्या एका शहाण्याने आम्हाला सुचवलं, "दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करा, पैशाकडे बघू नका." डॉक्टरांनी नको सांगितलं. एवढ्या सुरुवातीच्या टप्प्यात, काही त्रास नसताना, स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या करायला कोणतीच मोठी मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. याचं कारण मला माझ्या धंद्यातून लगेच कळलं. आम्ही सर्व्हरवर देखरेख ठेवतो. थोडं काही झालं की घंटा वाजेल अशी व्यवस्था केली, तर रात्रीत चाळीस घंटा वाजतात, त्यातल्या एकोणचाळीस फुकट असतात आणि चाळिसावीला कुणी उठत नाही. स्कॅनमध्ये साठीच्या बाईच्या अंगात काही ना काही दिसणारच. जुना क्षय, सुजलेली गाठ, काहीही. मग त्याच्यामागे सुया, पैसे, रडारड. योग्य जागी थोडी नजर, पण नेमाने. तेच जास्त उपयोगी.

आता आम्ही घरी काय करतो ते सांगतो.

अम्मीचे गुडघे दुखतात, तिला तळपाय वळवून बघता येत नाही. वजू करताना दिवसातून पाच वेळा टाच तिच्या हाताखालून जात होती, बोटांच्या बेचक्यासुद्धा धुतल्या जात होत्या, पण डोळ्यांखालून कधी गेली नाही. आईच्या पायाखाली जन्नत असते असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते पाय उलटे करून कुणी बघत नाही. पोरांनी पाय हातात घ्यावेत हे तर अम्मीला अजिबात पसंत नव्हतं. शेवटी बहिणीने दाढीचा गोल आरसा आणला आणि तो जमिनीवर ठेवला. खुर्चीवर बसायचं, पाय आरशावर धरायचा, खिडकीच्या उजेडात बघायचं. दिवस अम्मीनेच ठरवला. चांद दिसल्यानंतरचा पहिला शुक्रवार. इंग्रजी तारखा ती विसरते, चांद विसरत नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे वर्षाला बारा तपासण्या होतात आणि अकरा दिवस शिल्लक राहतात, हा माझा हिशेब. तिला त्यात रस नाही.

क्रम ठरलेला आहे. आधी व्रण आणि लावलेल्या कातडीची कड. नवा काळा, निळसर किंवा गुलाबी ठिपका आहे का, कडेला टणक गुठळी लागते का. मग पोटरीवरून हात फिरवत गुडघ्यामागे. मग जांघ. मग दुसरा तळपाय, तळहात, वीसच्या वीस नखं. शेवटी पाठ, ती बहीण बघते किंवा भावजय. नखांबद्दल एक सांगतो, कारण सावळ्या माणसांत घाबरायला निमित्त मिळतं. आपल्या बऱ्याच जणांच्या बऱ्याच नखांवर तपकिरी उभ्या रेघा असतात आणि त्या निर्धोक असतात. एकाच नखावर नवी रेघ आली, रुंद होत गेली, तिचा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर दाखवायचं. आणि मेलेनोमा काळाच असतो असंही नाही. कधी तो गुलाबी असतो, न भरणाऱ्या जखमेसारखा. आपल्याकडे साखरेचे रुग्ण घरोघरी आहेत. पायाची जखम महिना-दीड महिन्यात भरत नसेल तर "साखरेमुळे" म्हणून सोडून देऊ नका, तुकडा तपासायला सांगा.

फोटो हा माझा प्रांत. पण पहिला फोटो शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरल्यावरचा हवा, कारण पुढचे सगळे त्याच्याशी ताडायचे असतात. शेजारी मिलिमीटरची पट्टी आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवायचा. पट्टीवरून आकार कळतो, कागदावरून उजेडाचा रंग. तीच खिडकी, तीच वेळ, फ्लॅश बंद. फोनमधलं चेहरे गोरे-गुळगुळीत करणारं सोंग बंद करायचं. ते डागही गुळगुळीत करतं. दोन फोटो, एक हातभर लांबून, एक जवळून. नावात तारीख. डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारकावे जातात. आमच्याकडे आता पन्नासेक तारखांचे फोटो आहेत आणि गेल्या वेळी डॉक्टरांनी त्यांतलेच दोन शेजारी ठेवून मिनिटभरात सांगितलं, "बदल नाही."

मग लोक मला विचारतात, ॲप का नाही वापरत? तू तर त्यातलाच. म्हणूनच नाही वापरत. फोटो बघून कॅन्सर ओळखणारी सॉफ्टवेअर्स ज्या फोटोंवर शिकली, ते बहुतांशी गोऱ्या कातडीचे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सुमारे १ लाख २९ हजार फोटोंवर शिकवलेलं सॉफ्टवेअर त्वचातज्ज्ञांच्या तोडीचं ठरलं, त्याची जगभर बातमी झाली. २०२२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी वेगवेगळ्या वर्णांच्या ६५६ फोटोंवर अशी सॉफ्टवेअर्स तपासली, तर सावळ्या-काळ्या कातडीवर ती बरीच घसरली. जे शिकवलंच नाही ते येणार कुठून? त्यात तळपायाची कातडी वेगळीच, तिला बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. जपानी डॉक्टरांनी दाखवून दिलं की रंग रेषांमधल्या खाचांत असेल तर बहुधा साधा तीळ आणि उंचवट्यांवर पसरला असेल तर संशय. हे उजेडाच्या भिंगातून दिसतं, डर्मोस्कोप म्हणतात त्याला. पुढच्या वेळी त्वचातज्ज्ञाकडे जाल तेव्हा "भिंगातून बघता का" एवढं विचारा. ॲपने "ठीक आहे" म्हटलं म्हणून घरी बसू नका.

ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मेलेनोमा काढलेल्या १०० रुग्णांची. काहींना फोनला लावायचं भिंग दिलं, शिकवलं, फोटो दूरच्या त्वचातज्ज्ञाने बघितले आणि शंका आली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता बोलावलं. पद्धत जमते असं दिसलं. मला त्यातली एक अट फार महत्त्वाची वाटली. रुग्णासोबत तपासायला मदत करणारं घरातलं कुणीतरी हवं. म्हणजे तिकडेही शेवटी आरसा धरायला माणूस लागतोच.

आणि इथेच आपली खरी अडचण येते.

२०२३ च्या पावसाळ्यात अम्मीच्या डाव्या जांघेत गाठ आली. तिने सहा आठवडे कुणाला सांगितली नाही. त्या दोन शुक्रवारी तिने बहिणीला पाय दाखवला, हात दाखवले आणि "बाकी मी बघितलं" म्हणाली. टाचेपर्यंत ठीक होतं, जांघ म्हटल्यावर परपुरुष डॉक्टरसमोर पडावं लागणार, हे तिच्या मनात होतं. दुसरंही एक होतं. बहिणीच्या मुलीचं लग्न ठरत होतं. अम्मीला पुन्हा दवाखान्यात नेलं, तर "यांच्या खानदानात कॅन्सर आहे" अशी कुजबुज होईल. आमच्या घरात दख्खनी बोलतात, ती मला नंतर म्हणाली, "पहले छोरी का होने दे, फिर देखेंगे."

मी तिच्यावर चिडलो नाही. तिचा हिशेब मला दिसत होता. पहिल्या ऑपरेशननंतर एका घरी तिला चहा वेगळ्या कपात दिला होता. कॅन्सर लागत नाही, हे त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. तळपायाचा मेलेनोमा सहसा वारशाने येत नाही, हेही लग्न जमवणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्या समाजात आजाराचं नाव घेणं म्हणजे नातीच्या लग्नात विघ्न, तिथे बाई गाठ लपवणारच. दोष तिच्या लाजेवर टाकून आपण मोकळे होतो, पण ती लाज आपणच मिळून तयार केलेली आहे.

बहिणीला शंका आली, तिने हात लावून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. आम्ही डॉक्टरांना एकच विचारलं, बाई डॉक्टर तपासू शकतील का? लगेच झालं. विचारलं नसतं तर कळलंही नसतं की तिथे दोन बाई डॉक्टर आहेत. सोनोग्राफी झाली, सुईने गाठीतलं पाणी घेतलं. रिपोर्टला चार दिवस लागले. ते चार दिवस घरात कुणी जेवलं असेल तर मला आठवत नाही. गाठ साध्या सुजेची निघाली. पावसात टाचेला भेग पडून पू झाला होता, त्याची. महिन्याभरात बसली.

यावर आमचे एक चुलते म्हणाले, "बघ, उगाच घाबरवलंस. सारखं बघितलं की सापडतंच." मला उलट वाटतं. चार दिवसांत उत्तर मिळण्यासारखा प्रश्न ती बाई सहा आठवडे एकटी घेऊन झोपत होती. तीन आठवड्यांहून जास्त राहिलेली गाठ दाखवायचीच, हा नियम आम्ही तेव्हा भिंतीवर कॅलेंडरशेजारी लिहून ठेवला. भाचीच्या सासरी बहिणीने स्वतः जाऊन सगळं सांगितलं, रिपोर्टसकट. लग्न झालं. प्रत्येक घरी तसंच होईल, असं मी म्हणणार नाही.

कागदांबद्दल दोन शब्द. तपासणीचा मूळ रिपोर्ट जपून ठेवा. त्यात जाडी किती, व्रण फुटला होता का, कड स्वच्छ आहे का हे असतं; पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच विचारतो. मेणात बसवलेला तुकडा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेकडे असतात, त्या मागता येतात. दुसरं मत घ्यायचं तर त्याच लागतात. अम्मीचे सगळे कागद बिस्किटाच्या डब्यात आहेत. मी त्यांचे स्कॅन करून ठेवले आहेत, पण डॉक्टरांकडे जाताना ती डबाच नेते.

येत्या जानेवारीत पाच वर्षं होतील. मग वर्षातून एकदा दाखवायचं. उशिरा परत येणारी उदाहरणं असतात, म्हणून शुक्रवार चालूच राहील. परवा ती मला म्हणाली, "तू पण दाखव तुझे पाय." मी बूट काढले. काही नव्हतं, मोज्याच्या खुणा सोडून.

माझं बोलणं एवढंच. मागच्या टेबलावर पंधरा आरसे आणि मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर न्या. कसं बघायचं ते शेजारच्या खोलीत माझी बहीण बायकांना दाखवेल, दार लावून. पुरुषांनी इथेच थांबा, चपला काढा, आपण इथे करू.